नात्याचा रकाना

१९३४ साली मुंबईच्या न्यायालयात र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. 'समाजस्वास्थ्य' मासिकात त्यांनी वाचकांच्या पत्रांना उत्तरं दिली, एवढाच गुन्हा. पत्रांचे विषय होते हस्तमैथुन, समलिंगी संबंध. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. तरी ते खटला हरले आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

या खटल्याची गोष्ट निघाली की कर्व्यांचा हट्ट आणि आंबेडकरांचा युक्तिवाद यांवर बोललं जातं, ते रास्तच आहे. मला मात्र पत्र लिहिणाऱ्याचं कुतूहल वाटतं. तो कारकून असेल, शाळामास्तर असेल, चार मुलांचा बापही असेल. जे घरच्या वैद्याला विचारता येत नव्हतं, ते त्याने कर्व्यांना, गणिताच्या एका विक्षिप्त प्राध्यापकाला, विचारलं. छापलेलं उत्तर वाचताना त्याला धीर आला असेल तो त्यातल्या वैद्यकीय माहितीने कमी आणि आपल्यासारखं विचारणारं आणखी कुणीतरी आहे या जाणिवेने जास्त. पुढे ज्याला 'कम्युनिटी' म्हणायची पद्धत पडली, तिची सुरुवात बहुधा अशीच होते. तिथे मोर्चा नसतो की झेंडा नसतो. उत्तर देणारा एकजण मात्र लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्यामुळे आम्ही कागदोपत्री बरे झालो. पण आजारी नसणं वेगळं आणि खुशाल असणं वेगळं.

तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली सुमित्रा देव ऊर्फ मित्रा मला या संदर्भात नेहमी आठवते. नाटक १९८१ साली रंगमंचावर आलं. मित्राचं नामा नावाच्या मुलीवर प्रेम आहे, पण ते आपल्याला सांगतो बापू. तो भला आहे, मित्रावर जीव टाकणारा आहे, आणि तरीही तो आतला नव्हे. मित्रा आत्महत्या करते, गोष्ट सांगायला बापू उरतो. २००६ साली सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी आली, तिच्यात तनय स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतो. त्याचंही मन मोडतं, पण त्यासाठी त्याला मरावं लागत नाही. मराठी साहित्याने या २५ वर्षांत घेतलेली ही मजल मला बऱ्याच गाजलेल्या वाङ्मयीन वादांपेक्षा मोठी वाटते.

पुस्तकात वाचा फुटली, घरात मात्र फुटत नाही. आमच्या मध्यमवर्गीय घरांची रीत ठाऊक आहेच : सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणी काही बोलत नाही. माझ्या जोडीदाराचा गुरुवारचा उपास असतो. आई बुधवारी रात्री आठवणीने त्याच्यासाठी साबुदाणा भिजत घालते. खिचडीत मिरची कमी, कारण त्याला पित्त होतं. पण हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलं, की ती सांगते, "ह्याचा मित्र आहे. पुण्यात भाडी परवडतात का हल्ली?" यात प्रेम नाही असं कोण म्हणेल? पण या मौनाला स्वीकार म्हणणारे मला घाईचे वाटतात. साबुदाणा भिजवणाऱ्या हाताचं मोल मी जाणतो. तरी त्याच घरात भाचीच्या नवऱ्याचं 'जावईबापू' म्हणून आगतस्वागत होतं, तेव्हा इकडे एकजण कोथिंबीर निवडत बसलेला असतो.

हिजडा समाजात याच्या उलट आहे. तिथे नात्यांना नावंच नावं : गुरू, चेला, नातचेला, गुरुभाई. घरातून हाकललेल्या पोरीला तिथे एका दिवसात गोतावळा मिळतो. त्याची किंमतही असते. कमाईत वाटा द्यावा लागतो, शिस्त पाळावी लागते, चुकलं तर दंड भरावा लागतो. बाहेरून पाहणारे या व्यवस्थेला एक तर शोषण म्हणतात नाहीतर मातृत्व. मला ती आपल्या जुन्या एकत्र कुटुंबासारखी दिसते, तशीच उबदार आणि तशीच जाचक. लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला. दारात उभं न करणाऱ्या घरमालकाला तो अजून कळायचा आहे.

६ सप्टेंबर २०१८ला समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची नांगी मोडली, तेव्हा आम्ही पेढे वाटले. आईने दोन खाल्ले आणि कशाचे ते विचारलं नाही. भीती गेली हे खरं. पण भीती गेल्यावर जे उरतं ते फार किरकोळ दिसणारं असतं. इस्पितळात जोडीदाराचं अपेंडिक्स काढायचं होतं. संमतीपत्रावर 'रुग्णाशी नाते' असा रकाना. मी 'जोडीदार' लिहिलं. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "धंद्यातले का?" मग जोडीदाराच्या भावाला नगरहून बोलावून घेतलं. तो येईपर्यंत शस्त्रक्रिया थांबली.

१७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला आणि प्रश्न संसदेकडे टोलवला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने खुलासा केला, की समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी एकत्र राहणाऱ्यांना एक कुटुंब धरावं आणि जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराच्या ताब्यात द्यावा, अशी पत्रंही राज्यांना गेली. म्हणजे रेशनच्या दुकानात आम्ही एक कुटुंब. शवागारात आमचा नंबर नातेवाईक न सापडल्यावर. खातं आम्ही उघडलं. नॉमिनीच्या अर्जावरही नात्याचा रकाना होताच. बँकेतली मुलगी म्हणाली, "काका, काय लिहू ते सांगा, तेवढंच लिहिते."