कच्चं आणि पक्कं

ब्रेडबोर्ड म्हणजे मूळची पाव कापायची फळी. जुने रेडिओवेडे तिच्यावरच खिळे ठोकून जोडण्या करीत. सांगलीच्या आमच्या पुतण्याचा ब्रेडबोर्ड भोकाभोकांचा, प्लास्टिकचा. तार चुकली की उपटायची, दुसऱ्या भोकात खुपसायची. पाप नाही, प्रायश्चित्त नाही!

दिवाळीला साताऱ्यात आला तो पक्कं सर्किट करायला बसला. तांब्याच्या बोर्डावर रंगाने रेघा आखल्या, फेरिक क्लोराईडने उघडं तांबं खाल्लं, मग भोकं पाडून डाग दिले. नेमकी एक रेघ चुकली. ती खरवडून त्याने वरून निळी तार जोडली. दिवा लागला, पोरगं मात्र ओशाळलं.

"काका, ठिगळ दिसतंय."

"दिसू दे. आम्ही खतावण्या हाताने लिहायचो, तेव्हा खोडरबर चालत नसे. चुकीवर एक रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही. झाकली ती लबाडी!"

बोललो खरा, पण त्याच्या बापाला, माझ्या थोरल्या भावाला, लिहायचं माफीचं पत्र 6 वर्षं मी पेन्सिलीनेच लिहितोय आणि पुसतोय. रात्री पेन काढलं. 'दादा'नंतरचाच शब्द चुकला. रेघ मारली, वर लिहिलं, शेजारी सही केली आणि सकाळी पत्र पुतण्याच्या हाती दिलं.