चरित्रकथेतील कल्पित वैरी

थोर व्यक्तीचे चरित्र पडद्यावर आणताना कल्पनेची मदत कोठवर घ्यावी, हा प्रश्न वरवर साहित्याचा वाटतो. परंतु मुळात तो नीतीचा आहे. डॉ. होमी भाभा आणि डॉ. विक्रम साराभाई यांच्या जीवनावरील ‘रॉकेट बॉईज’ ही हिंदी मालिका फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रदर्शित झाली, तेव्हा प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांतून तो ठळकपणे पुढे आला.

बहुतेकांनी मालिकेचे मनापासून स्वागत केले. दि. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिला अग्निबाण आकाशात झेपावला. त्या कार्यासाठी तेथील ख्रिस्ती कोळी बांधवांनी आपले संत मेरी मॅग्डालीन यांचे चर्च देऊन टाकले होते. या इतिहासाचा अभिमान कोणाला वाटणार नाही? परंतु काही प्रेक्षकांना एक गोष्ट खटकली. मालिकेत भाभांचा प्रतिस्पर्धी म्हणून मेहदी रझा नावाचा एक मुसलमान शास्त्रज्ञ रंगविला आहे. असा शास्त्रज्ञ इतिहासात झालाच नाही. त्याच्या ठायी अनेकांना डॉ. मेघनाद साहा यांची छाया दिसली.

“ही शेवटी कथा आहे, तसे आरंभी सांगितलेलेच असते,” असे मालिकेचे समर्थक म्हणतात. या युक्तिवादात काही तथ्य आहे. बंद दाराआड दोन मित्र काय बोलले, हे लेखकाला कल्पनेनेच भरावे लागते आणि त्याने कोणाचे नुकसान होत नाही. परंतु शब्द कल्पिणे वेगळे आणि हेतू कल्पिणे वेगळे. तत्त्वासाठी झालेल्या मतभेदाला वैराचे रूप दिले, तर मृत माणसाचा लौकिक हिरावला जातो. लौकिक हीदेखील मालमत्ताच आहे. आणि मृताला ती परत मागण्यासाठी न्यायालयात येता येत नाही. केवळ नाव बदलल्याने हा दोष धुऊन निघत नाही. उलट, ते कल्पित नाव एका समाजाचे असल्यामुळे संशयाचे ओझे त्या समाजाच्या माथी पडते.

खरा इतिहास अधिक उद्बोधक होता. भाभा व साहा यांच्यात तीव्र मतभेद होते. अणुसंशोधन विद्यापीठांशी जोडलेले असावे, त्यावर गुप्ततेचे झाकण नसावे, असे साहांचे मत होते. १९५२ साली ते लोकसभेवर निवडून आले आणि ही भूमिका त्यांनी संसदेतही मांडली. भाभांना अणुकार्यक्रम एका हाती, वेगाने उभारावयाचा होता. दोघेही देशभक्त होते आणि दोघांच्याही बाजूला वजन होते. दोन सज्जन माणसे परस्परांना ठाम विरोध करू शकतात, हा धडा आज आपल्या सार्वजनिक जीवनाला किती हवा आहे! मालिकेने तो गमावला.

आणखी एक गोष्ट गमावली, ती आम्हा बीड जिल्ह्यातील लोकांना विशेष जाणवावी. भाभा आणि साराभाई संपन्न घरांत जन्मले. साहा हे ढाक्याजवळील एका खेड्यातील गरीब दुकानदाराचे पुत्र. कनिष्ठ मानलेल्या जातीमुळे कोलकात्याच्या वसतिगृहात त्यांना इतरांच्या पंगतीला बसता आले नाही. त्याच मुलाने १९२० साली मांडलेल्या सूत्रामुळे ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान जाणता येऊ लागले. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि त्यांच्या मागे मुलांची शाळा सुटते. उसाच्या फडावर कोपीबाहेर रात्री ताऱ्यांखाली झोपणाऱ्या त्या मुलाला आपलासा वाटावा असा शास्त्रज्ञ या कथेत होता. नेमका तोच वगळला गेला.

म्हणून अशा मालिका पाहूच नयेत, असे मुळीच नव्हे. शिक्षकांनी व पालकांनी त्या मुलांसोबत अवश्य पाहाव्यात. मात्र शेवटी दोन प्रश्न विचारावेत : यातील कोण खरोखर होऊन गेला? आणि कोणाला येथे जागा मिळाली नाही? भाभांचे थोरपण स्वयंसिद्ध आहे. त्यासाठी कोणाला खुजे करण्याची गरज नव्हती.