मौनातला अधिकार

अ‍ॅमस्टरडॅममधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या उपासनेला पहिल्यांदा येणाऱ्याची मोठी पंचाईत होते, कारण तिथे बघण्यासारखं काहीच नसतं. वेदी नाही, पाद्री नाही, ठरलेली प्रार्थना नाही. माणसं तासभर गप्प बसतात. एखाद्याला आतून राहवलंच नाही तर तो उठतो, चार वाक्यं बोलतो आणि बसतो. त्याला कोणी उत्तर देत नाही. शेवटी शेजारी शेजाऱ्याचा हात हातात घेतो की सभा संपली. देवळात किंवा चर्चमध्ये नवखा मागे उभा राहून नुसता बघू शकतो. इथे ती सोय नाही. त्याच्या मौनात आणि जन्मभर येणाऱ्याच्या मौनात दर्जाचा फरक नाही, आणि उठून बोलण्याची मुभाही दोघांना सारखीच. ईश्वराच्या शब्दावर कोणाचाही ताबा नाही, जुन्याजाणत्या भक्ताचाही नाही, हा या उपासनेचा खरा दावा आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

हॉलंडला हा विचार परका नव्हता. डॉर्ड्रेख्टच्या १६१८-१९ च्या धर्मसभेनंतर वेगळ्या मताच्या धर्मोपदेशकांना पदांवरून काढलं गेलं, तेव्हा पुढे राइन्सबुर्ग गावाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या कॉलेजियंटांनी उपदेशकाविनाच सभा भरवल्या. ज्याला सुचेल त्याने बोलावं, अशी रीत. १६५० नंतरच्या काळात विल्यम एम्ससारखे इंग्रज क्वेकर तिथे पोचले. तत्त्वज्ञ स्पिनोझाचा कॉलेजियंट मित्र पीटर बालिंग याने १६६२ मध्ये प्रत्येकातल्या आतल्या प्रकाशावर लिहिलेली पुस्तिका क्वेकरांना आपलीच वाटली, इतकी ही माणसं जवळ होती. तरी क्वेकर आणि कॉलेजियंटांचं जमलं नाही. प्रेषितांच्या काळानंतर ईश्वराच्या नावाने बोलण्याची सनद कोणाकडेच उरलेली नाही, असं गालेनुस अब्राहम्झ या कॉलेजियंटाचं म्हणणं होतं. १६७७ मध्ये क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स आणि त्याचा सहकारी विल्यम पेन हॉलंडला आले, तेव्हा त्याच्याशी यावर जाहीर वाद झाला.

गालेनुसचा आक्षेप आजही बळकट आहे. आतला आवाज हा आपलाच अहंकार नाही कशावरून? १६५६ मध्ये जेम्स नेलर हा क्वेकर ब्रिस्टलमध्ये घोड्यावर बसून, येशूच्या यरुशलेम-प्रवेशाची आठवण व्हावी असा शिरला; भोवती जयजयकार करणारे अनुयायी होते. त्याने पंथ हादरला आणि एकट्याची प्रेरणा सगळ्यांनी मिळून पारखायची, हे वळण पक्कं होत गेलं. मौनाचं काम इथे सुरू होतं. ध्यान घरीही करता येतं, असं म्हणतात. पण घरी माझा विचार मला लगेच पटतो, त्याला अडवणारं कोणी नसतं. वाट बघणाऱ्या माणसांमध्ये बसल्यावर ‘हे आत्ताच बोलायला हवं का, आणि मीच का?’ हा प्रश्न टाळता येत नाही. बोलण्याजोगी वाटलेली बरीचशी वाक्यं त्या तासात आपोआप गळून पडतात.

पण सगळ्यांनी मिळून पारखलेलंही चुकतं, आणि याचा दाखला नेदरलँड्समध्येच आहे. डच क्वेकरांची वार्षिक सभा १९३१ मध्ये उभी राहिली. १९३४ मध्ये ओमेनजवळच्या एर्डे वाड्यात क्वेकर शाळा निघाली आणि जर्मनीतून पळालेल्या कितीतरी ज्यू मुलांना तिने आसरा दिला. जर्मन ताब्याच्या काळात, १९४१ मध्ये, ज्यू मुलांना वेगळ्या घरात ठेवावं लागलं. लपायला जाऊ नका, इतरांवर संकट येईल, असं शाळेच्या मोठ्यांनी त्यांना समजावलं. हा सल्ला भल्या, प्रार्थनाशील माणसांचा होता. तो मानून मागे राहिलेली मुलं १९४३ मध्ये व्ह्युख्टच्या नाझी छावणीत गेली आणि पुढे मारली गेली. काहींनी तो झुगारला आणि ती लपली.

यावरून मौनाची उपासना फोल ठरली, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. वडीलधाऱ्यांची पारख शेवटची मानावी, असं ती उपासना सांगतच नाही. नव्याने आलेल्या पोराचा आतला कौलही तितकाच ऐकायला हवा, असं सांगते. एर्डेमध्ये तो ऐकला गेला नाही. लपायला गेलेल्या मुलांनी, क्वेकर नसतानाही, आतल्या कौलावर चालण्याचा अधिकार स्वतःहून वापरला.