जमीन दुसऱ्याची, ज्ञान आपले

ज्यांच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने शेत कसून घेतले, त्यांच्या मुलांना पुन्हा शेतीचेच उच्च शिक्षण देणे ही मुक्ती की जुनेच जोखड रंगवून मानेवर ठेवणे? अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीयांपुढे हा प्रश्न उभा राहिला.

बुकर टी. वॉशिंग्टन यांचे उत्तर ठाम होते. स्वतः गुलामीत जन्मलेल्या या माणसाने १८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे संस्था उभारली. इमारतींच्या विटा विद्यार्थ्यांनीच पाडल्या. भट्टी तीनदा फसली; चौथ्या खेपेला वॉशिंग्टन यांनी घड्याळ गहाण टाकून पैसे उभे केले. श्रमात कमीपणा नाही, कमीपणा सक्तीत आहे, अशी त्यांची धारणा. आधी पोट आणि पत, मग हक्क. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये यावरच बोट ठेवले. मताधिकार आणि उच्च विद्या मागे ठेवून नुसते कसब शिकवले, तर कुशल पण मुका मजूर तयार होतो, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. हा वाद केवळ अभ्यासक्रमाचा नव्हता. माणूस आधी कशाने स्वतंत्र होतो, भाकरीने की नागरिकत्वाने, हा त्याचा गाभा होता.

‘एक होता कार्व्हर’ या वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे मराठी घरांत पोचलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या वादाच्या मधोमध उभे आहेत. कॅन्ससमधील एका महाविद्यालयाने प्रवेश दिला आणि रंग पाहून नाकारला. पुढे आयोवात ते चित्रकला शिकत होते, हात उत्तम होता. पण शिक्षिकेच्या सल्ल्यावरून कृषी महाविद्यालयात गेले. तिथले ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पुढे पहिले कृष्णवर्णीय अध्यापक. १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन ते वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून टस्कीगीला आले.

तिथे जमीन कापसाने चोपलेली होती आणि माणसे कर्जाने. बहुतेक जण वाट्याने दुसऱ्याचे रान करत. बी-बियाणे, खत, घरचे पीठमीठ सगळे उधारीवर, आणि ती फेडायला पुन्हा कापूसच लावायचा. अशा कुळाला महागडे रासायनिक खत सुचवणे म्हणजे सावकाराचेच काम करणे. कार्व्हर यांनी फुकटच्या वस्तूंकडे पाहिले: दलदलीतला गाळ, झाडाखालचा पालापाचोळा, जमिनीत नत्र साठवणारी चवळी आणि भुईमूग, डुकरांना घालायला ओकची फळे. १९१६ च्या पत्रिकेत त्यांनी भुईमूग खाण्याचे १०५ प्रकार दिले. हे पाककृतींचे कौतुक नव्हते. विकले न गेलेले पीक घरात खाता आले, तर दुकानदाराच्या वहीतली एक ओळ कमी होत होती. इथे कृषिविद्या सक्षम करते ती नेमकी या अर्थाने: निर्णयाचा एक छोटा तुकडा मालकाच्या हातून कुळाच्या हातात येतो.

ही विद्या वर्गात अडकली नाही. १९०६ मध्ये नांगर, लोणी काढण्याची घुसळणी, बियाणे असे साहित्य भरलेली खेचरांची गाडी गावोगाव फिरू लागली. त्याच वर्षी टस्कीगीचे विद्यार्थी थॉमस कॅम्पबेल सरकारी कृषी प्रसाराच्या कामावर नेमले गेलेले पहिले कृष्णवर्णीय ठरले. नेतृत्व म्हणजे व्यासपीठ, या समजुतीला ही गाडी चांगले उत्तर आहे.

कार्व्हर यांच्या लेखी हे काम उपासनाच होते. ज्ञान ईश्वरी प्रेरणेने मिळते, असे त्यांनी १९२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सांगितले, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विज्ञानाचा माणूस असे बोलत नाही म्हणून त्यांना टोकले. टीका अगदीच चुकीची नव्हती. प्रयोग दुसऱ्याला करून पाहता आला पाहिजे. पण त्या श्रद्धेचा एक परिणाम लक्षात घ्यावा लागतो. निसर्ग सर्वांसाठी उघडा ग्रंथ मानला, की तो वाचायला कुळालाही कोणाची परवानगी लागत नाही.

तरीही ड्यू बॉइस यांचा आक्षेप याने खोडला जात नाही. चवळीने माती सुधारली, सातबारा बदलला नाही, असे मराठीत म्हणता येईल. सुधारलेल्या मातीचा मालक दुसराच होता आणि मताधिकाराची लढाई पुढची कित्येक दशके चालली. कृषिशिक्षणाने नेते घडवले, हे खरे; जमीन आणि मत यांची जागा त्याने घेतली, हे खोटे.

जोतीराव फुले यांनी या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या होत्या. १८७३ मधील ‘गुलामगिरी’ त्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली आणि दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बांधबंदिस्ती, पाणी आणि शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण यांची मागणी कर्ज व सरकारी जुलमाच्या हिशेबासह मांडली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे.