अतिथी कोण?

वारकरी माउलींनो, ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, असा या शब्दाचा अर्थ आम्ही पाठशाळेत शिकलो. तैत्तिरीय श्रुतीने त्याला आई, बाप, आचार्य यांच्या पंक्तीला बसविले. नावगावाची अट घातली नाही.

१ जुलै २०१८ रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्याला वीस वर्षे पुरी झाली. त्याच रविवारी शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार होता. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. बहुतेक मंगळवेढे तालुक्यातले. मुले पळविणारी टोळी फिरते, ही आवई मोबाईलवरून आधीच पसरलेली. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारले.

मारले कोणाला? ज्ञानोबांची गुरुपरंपरा मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी येते. म्हणजे दारी आलेली ती झोळी आपल्याच गुरुघरची! आणि मंगळवेढे म्हणजे चोखोबांचे गाव. भिंत कोसळून चोखोबा तिथेच गेले. नामदेवरायांनी ढिगाऱ्यातली हाडे विठ्ठलनामाच्या खुणेने ओळखली आणि पंढरीस महाद्वारी समाधी दिली, असे परंपरा सांगते. त्या हाडांना आपले म्हणणारा कोणी तिथवर चालत गेला. पालात राहणाऱ्याच्या दुःखाला उंबरठा नसतो. त्याच्या बायकापोरांच्या समाचाराला कोणी जायचे, आणि कुठे?

कोणी म्हणेल, "महाराज, लेकरांची भीती काय खोटी?" खोटी नव्हे. भीतीने विचारावे, पोलिसांना बोलवावे. ऐकीव गोष्टीवर हात उचलला की तो अधर्म झाला. त्याच महिन्यात, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या हत्या रोखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. पण कोर्टाचा कागद बाजारात वेळेवर पोचत नाही. तिथे उभा असलेला माळकरी पोचतो.

आणि परका तरी कोण हो? अक्कलकुवा, धडगावकडची आपली माणसे गुजरातेत ऊसतोडीला जातात, फडाजवळ झोपडी घालतात. तिथे परकी तीच. वारीत आपणही मुक्कामोमुक्काम परक्याच गावी उतरतो. तिथली माउली आपली जात न विचारता भाकरी वाढते. ते ऋण पंढरपुरात फिटत नाही, आपल्या गावच्या वेशीवर फिटते.

म्हणून आमची एवढीच विनंती. गावाबाहेर पाल पडले, तर सांजेला हरिपाठ आटोपून एकाने तांब्याभर पाणी घेऊन तिथे जावे, नाव विचारावे, आपले सांगावे. उद्या आवई उठली, तर "मी यांना ओळखतो" असे म्हणणारा गावात एक तरी असेल.

रामकृष्णहरि!