पिसाच्या आडची ऊ

श्वास सावकाश होऊ द्या. डोळ्यांसमोर कबुतराचं एक पीस आणा. मधल्या दांड्यापासून निघालेले बारीक तंतू दिसू द्या. दोन तंतूंच्या फटीत काडीसारखी लांबट ऊ बसली आहे, जेमतेम 2 मिलिमीटरची. कबूतर चोचीनं पिसं विंचरू लागलं की ती फटीत अंग चोरते आणि चोच वरून निघून जाते. अंगालगतच्या मऊ पिसांत दुसरी ऊ राहते, आखूड आणि गोलसर. दोघींनाही पंख नाहीत. पक्ष्यापासून सुटल्या तर थोड्याच दिवसांत मरतात. तिथेच थोडं थांबा.

आता पक्षी आठवा: उत्तर अमेरिकेतलं पॅसेंजर पिजन. त्याचे थवे सूर्य झाकून टाकत. बंदुकींनी आणि जंगलतोडीनं ते संपले. शेवटची मादी, मार्था, 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. मग तिच्या जातीवरच्या उवाही गेल्या असं धरलं गेलं. लांबटीचं नाव कोलंबिकोला एक्स्टिंक्टस. गोलसरीला 1969 मध्ये कॅम्पान्युलोटस डिफेक्टस म्हटलं गेलं, म्हणजे पक्षी नाहीसा झाल्यावर अर्ध्या शतकानं.

पुढे क्लेटन आणि प्राइस या संशोधकांनी लांबट ऊ पश्चिम अमेरिकेतल्या बँड-टेल्ड पिजनवर असल्याचं दाखवलं. ती जिवंतच होती. गोलसर ऊ मात्र ऑस्ट्रेलियातल्या ब्राँझविंग कबुतरावरच्या उवेशी जुळली. बहुधा संग्रहातच कुठेतरी सरमिसळ झाली असावी आणि ती भलत्याच पक्ष्याच्या नावावर लागली.

इथे मनाला निवाडा करायची घाई होईल. होऊ द्या, तिच्यामागे जाऊ नका. ज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली उवेच्या अंगावरचा एकेक केस मोजला, नराच्या जननेंद्रियाचा आकार ताडून पाहिला, त्यांच्या चिकाटीपाशी जरा रेंगाळा. नखावर मावणाऱ्या जिवासाठी कुणी डोळे शिणवावेत, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि हेही पाहा: एवढं नाव लागलं, बदललं, पण त्या उवेच्या अंगावरचा एकही केस इकडचा तिकडे झाला नाही.

आता एकच प्रश्न धरा. पॅसेंजर पिजनच्या मऊ पिसांत त्याची स्वतःची, दुसऱ्या कुणाची नसलेली, एखादी गोलसर ऊ होती का? तो आता जपून ठेवलेल्या जुन्या कातड्यांनाच विचारावा लागेल. उत्तरासाठी त्याला ढकलू नका. चार श्वास तो तसाच मनात असू द्या.