उपकाराची फेड



उपकार विसरू नयेत, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. कोणाचे मिंधे राहू नये, हेही त्याबरोबरच शिकवले जाते. परंतु ज्याचे उपकार झाले तो माणूस पुन्हा भेटण्याची आशाच नसेल, तर ते फेडायचे कसे, आणि कोणाला? हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. मोडलेल्या घोट्याने तो माझ्यापुढे आणला.

२०१८ साली आमच्या मंडळीतील काही जणांबरोबर मी पवित्र भूमीच्या यात्रेला गेलो होतो. जॉर्डन देशातील मदाबा येथे सेंट जॉर्जच्या देवळात जमिनीवर रंगीत खड्यांचा, सहाव्या शतकातील नकाशा आहे. तो पाहून बाहेर पडलो. सोबती पुढे गेले होते. रस्ता ओलांडताना एका मोटारीचा धक्का लागून मी पडलो. समोरच्या दुकानदाराने दुकानाचे दार ओढून घेतले, मला आपल्या गाडीत घातले आणि दवाखान्यात नेले. माझे पाकीट बसमध्ये राहिले होते. एक्स-रेचे आणि प्लास्टरचे पैसे त्यानेच भरले. त्याला इंग्रजी येत नव्हते, मला अरबी येत नव्हती. नमाजाची वेळ झाली तेव्हा कोपऱ्यात जाऊन त्याने नमाज पढला आणि पुन्हा माझ्याजवळ येऊन बसला. चार तासांनी आमचे लोक आले. मी त्यांच्याकडून दिनार घेऊन त्याच्यापुढे केले, तेव्हा त्याने छातीवर हात ठेवून मान हलवली.

मला त्याचे मोठेपण वाटले. पण खरे सांगायचे तर थोडा रागही आला. पैसे घेतले असते तर माझे ओझे उतरले असते! येथेच पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फेडण्याच्या घाईत नेहमीच कृतज्ञता असते असे नाही. पुष्कळदा अभिमान असतो. दुसऱ्याचे देणेकरी म्हणून जगणे आपल्याला सोसत नाही. ज्याला मनुष्याचे देणे सोसत नाही, त्याला देवाची कृपा तरी कशी सोसावी?

मग न फेडताच बसावे काय? तसेही नाही. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, पण आभार मानण्यास एकच परत आला, आणि तो शोमरोनी होता. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले. मी त्या नवांपैकी झालो. दुकानदाराने कागदावर आपला पत्ता लिहून दिला होता. घरी गेल्यावर पत्र लिहू असे म्हणत राहिलो आणि तो कागद हरवला.

मग मी स्वतःचे समाधान करून घेतले, की त्याला नाही तर दुसऱ्या कोणाला तरी फेडू. हा विचार खोटा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी परदेशी गृहस्थाने नवा करार दिला. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्या देणगीची फेड त्यांनी अभंगांतून अवघ्या मराठी मंडळीला केली. पण या विचारात एक पळवाटही आहे. दुसऱ्या कोणाला तरी फेडू म्हणताना तो दुसरा कोण, आणि वेळ कोणती, हे आपण आपल्या सोयीने ठरवतो.

२०२१ सालच्या एका संध्याकाळी मी बेळगावहून एका खेड्यातील उपासनेला गाडीने निघालो होतो. वाटेत एक मोटारसायकल आडवी पडली होती आणि शेजारी एक तरुण बसला होता. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होते. उपासनेला उशीर होईल, पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, असे म्हणत मी पुढे गेलो. दोन्ही सबबी पोकळ होत्या. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू नये, या नियमावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच शिक्कामोर्तब केले होते, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालून अशा मदतनिसाला संरक्षण दिले गेले. त्या कलमात मदतनिसाला नावही चांगल्या शोमरोन्याचेच दिले आहे! देशाच्या कायद्याने प्रभूच्या दाखल्यातील शब्द घेतला, आणि प्रभूचा उपदेशक याजकासारखा बाजूने निघून गेला. त्या दिवशी मी कोणत्या वचनावर बोललो ते मला आठवत नाही. तो तरुण आठवतो. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने त्याला नेले, असे दुसऱ्या दिवशी कळले.

तेव्हापासून प्रेषितांच्या कृत्यांतील शेवटचा अध्याय मी वेगळ्या नजरेने वाचतो. मिलिता, म्हणजे आजचे माल्टा, बेटापाशी जहाज फुटले आणि २७६ माणसे भिजून किनाऱ्याला लागली. तेथील परक्या लोकांनी पावसात शेकोटी पेटवून त्यांना जवळ घेतले. पुब्ल्याने तीन दिवस पाहुणचार केला. त्याचा बाप तापाने आणि आवेने आजारी होता. पौलाने प्रार्थना करून त्याला बरे केले आणि मग बेटावरील इतर रोगीही बरे झाले. आपल्या हिशेबाने येथे फिटंफाट झाली. पण तीन महिन्यांनी पाहुणे निघाले तेव्हा बेटकऱ्यांनी त्यांना लागेल ते सामान पुन्हा जहाजात भरून दिले! प्रीतीच्या वहीत शिल्लक कधी शून्यावर येत नाही. एकमेकांवर प्रीती करण्याचे ऋण तेवढे राहू द्या, असे पौल रोमकरांस लिहितो, ते त्याने स्वतः अनुभवलेही.

म्हणून मला असे वाटते, की उपकाराची फेड दोन ठिकाणी करावी लागते. ज्याने केले त्याचे आभार मानायचे. त्यात आळस नको. आणि जो वाटेत पडलेला असेल त्याच्याजवळ थांबायचे. त्यात निवड नको. एक केले म्हणून दुसरे सुटत नाही. आणि दोन्ही करूनही देणे उरते, याचे वाईट वाटून घेऊ नये.

गेल्या वर्षी एका सोबत्याच्या फोटोत त्या दुकानाची पाटी सापडली. यात्रेतील वाटाड्याला ती पाठवली आणि त्याच्यामार्फत अरबीत पत्र धाडले. दवाखान्याचा खर्च पाठवू देण्याची विनंतीही केली. दुकानदाराने उलट निरोप दिला. पैशांविषयी त्यात एक शब्दही नव्हता. त्याने इतकेच विचारले होते, पाय आता बरा चालतो ना?

पाय बरा चालतो. परंतु वाचकहो, तो थांबतो की नाही, हे मला रोज रस्त्यावर पाहावे लागते. प्रभू आपणां सर्वांस थांबणारे पाय देवो.